मुलगी सेकंड ग्रेडला, सात आठवडे शाळेत एक शब्द बोललेली नाही. ईएसएल (इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवायची शाळेतली मदत) घ्यावं का?

ओवीची_आई | २४ ऑक्टोबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे वाचतेय पण धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

आम्ही ऑगस्टमध्ये चिंचवडहून न्यू जर्सीला आलो. मुलगी सात वर्षांची, तिकडे मराठी माध्यमात पहिली झालेली, इथे वयाप्रमाणे सेकंड ग्रेडला घातली. तिकडे वर्गातली सगळ्यात बडबडी पोर, गॅदरिंगला तिलाच पुढे करायचे. इथे शाळा सुरू होऊन सात आठवडे झाले आणि वर्गात तिने अजून तोंड उघडलेलं नाही, नुसती बघत बसते असं टीचर म्हणते.

गेल्या मंगळवारी शाळेतून फोन आला की कपडे घेऊन या. हिला बाथरूमला जायचं होतं, विचारता येईना, तशीच बसून राहिली आणि मग व्हायचं ते झालं. गाडीत मागे बसून मला म्हणाली, "आई, मला ते वाक्य येत होतं गं, मी मनात दहा वेळा म्हटलं, पण ते बाहेरच येईना." तेव्हापासून माझं कशात लक्ष नाहीये.

अजून एक गोष्ट. ऍडमिशनच्या वेळी होम लँग्वेज सर्व्हे म्हणून एक फॉर्म होता, मूल पहिल्यांदा कुठली भाषा बोललं, घरात काय बोलता वगैरे. नवऱ्याने सगळीकडे इंग्लिश लिहून टाकलं कारण ऑफिसमधल्या कुणीतरी सांगितलं होतं की दुसरी भाषा लिहिली की मुलांना वेगळं काढतात आणि कायमचा शिक्का बसतो. आता शाळाच म्हणतेय की ईएसएलसाठी टेस्ट करून बघूया. आणि टीचर, जी खरंच खूप प्रेमळ आहे, ती म्हणाली की घरी शक्यतो इंग्लिशच बोला. आम्ही चार दिवस बोललो. ओवी जेवताना पण गप्प व्हायला लागली.

तर ईएसएल घ्यावं का, शिक्का खरंच बसतो का, आणि घरातलं मराठी बंद करायचं का? अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.

पाटीपेन्सिल | २४ ऑक्टोबर, रात्री ११:३०

ओवीची आई, आधी मराठी परत सुरू करा, आज रात्रीपासूनच. बाकीचं खाली सांगते.

मी शिकागोजवळ एलिमेंटरीत ईएसएल शिकवते, अकरा वर्षं झाली. हल्ली बऱ्याच राज्यांत मल्टिलिंग्वल लर्नर म्हणतात पण आम्ही बोलताना अजून ईएसएलच म्हणतो. नवीन भाषेत पडलेलं मूल काही आठवडे, काही वेळा काही महिने गप्प राहतं, याला आमच्याकडे सायलेंट पीरियड म्हणतात आणि तो अजिबात आजार नाही. मूल तेव्हा ऐकून साठवत असतं. तुमची ओवी तर वाक्य मनात दहा वेळा म्हणते म्हणजे आत काम जोरात चालू आहे. तान्ही पोरं वर्षभर नुसती ऐकतात, तेव्हा आपण त्यांना मुकं म्हणतो का?

बाथरूमचं उद्याच्या उद्या मिटवता येतं. टीचरला ईमेल करा की तिला बोलायला लागणार नाही अशी खूण ठरवून द्या. बऱ्याच वर्गांत सगळ्याच मुलांसाठी हाताची खूण असते, मूठ मिटून अंगठा पहिल्या दोन बोटांच्या मधून बाहेर काढायचा आणि मूठ हलवायची, अमेरिकन साइन लँग्वेजमधली टॉयलेटची खूण आहे ती. नाहीतर डेस्कवर एक कार्ड चिकटवायचं, ते उचललं की जायचं. पाणी हवं, पोटात दुखतंय, कळलं नाही, यासाठी पण चित्राची कार्डं करून द्या. पहिले दोन महिने मूल तेवढ्यावर निभावून नेतं.

फॉर्मचं म्हणाल तर ऑफिसला जाऊन सांगा की आमच्याकडून चुकीचं भरलं गेलं, घरची भाषा मराठी. कुणी रागावणार नाही. तो फॉर्म फक्त कुणाची टेस्ट घ्यायची हे ठरवायला असतो. त्यावर इंग्लिश लिहिलं म्हणून तर तिची टेस्टच झाली नाही आणि सात आठवडे मदतीविना गेले. वर्षाच्या सुरुवातीला आलेल्या मुलाला या सोयीत घ्यायचं असेल तर शाळेने तीस दिवसांच्या आत पालकांना कळवायचं असतं असा फेडरल नियम आहे. ही मदत शाळा मेहेरबानी म्हणून देत नाही हे डोक्यात पक्कं ठेवा. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी घरांतल्या मुलांची केस होती, लाऊ विरुद्ध निकल्स, १९७४ ची. तिथे जवळपास १८०० मुलांना इंग्रजी येत नसताना जास्तीची काही मदत मिळत नव्हती. सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की सगळ्यांना तेच पुस्तक, तोच वर्ग, तोच शिक्षक दिला म्हणजे समान वागणूक दिली असं होत नाही, ज्याला भाषा कळत नाही त्याला त्यातून काहीच मिळत नाही. आज या देशात अशी ५० लाखांच्या आसपास मुलं पब्लिक शाळांत आहेत. तुमची मुलगी काही जगावेगळी नाही.

राजगड८५ | २५ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

थोडं वेगळं मत मांडतो. आम्ही टेक्ससमध्ये आहोत, मुलगा फर्स्ट ग्रेडला आला तेव्हा आम्हाला पण ईएसएल ऑफर केलेलं, आम्ही लेखी नकार दिला. सहा महिन्यांत पोरगा फडाफडा बोलायला लागला, कार्टून, शेजारची मुलं, सॉकर, बस्स. नकार देण्याचं कारण म्हणजे त्या ईएसएलच्या बाईंकडे जाण्यासाठी त्याला रोज सायन्सच्या तासातून उठवणार होते. म्हणजे एका विषयासाठी दुसरा बुडवायचा? आणि इतर मुलं विचारतातच, तू कुठे जातोस रोज. ताई, पालकांना नाही म्हणायचा हक्क आहे एवढं लक्षात ठेवा.

पाटीपेन्सिल | २५ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

राजगड, हक्क आहे, बरोबर. पण नकार दिला तरी मूल कागदोपत्री इंग्लिश लर्नरच राहतं आणि दरवर्षीची परीक्षा द्यावीच लागते, म्हणजे ज्याला आपण शिक्का म्हणतो तो राहतो आणि मदत तेवढी जाते. सायन्समधून उठवण्याबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत, मी स्वतः माझ्या शाळेत यावर भांडलेय. वर्गातून बाहेर काढून शिकवणं ही एक पद्धत झाली, पुल-आउट. दुसरी पुश-इन, त्यात ईएसएल टीचर वर्गातच येते, सायन्सचाच धडा चालू असतो आणि ती त्या मुलाच्या शेजारी बसून चित्रं, भिंतीवर लावलेले शब्द, अर्धवट वाक्यं पूर्ण करायला देणं अशी मदत करते. मूल विषयही शिकतं आणि भाषाही. ओवीच्या आईने मीटिंगमध्ये सरळ विचारावं की कुठली पद्धत, रोज किती मिनिटं, कुठल्या तासाला. रीसेस म्हणजे मधली सुट्टी आणि आर्टचा तास तर मुळीच घेऊ देऊ नका, नवीन मूल पहिलं बोलतं ते तिथेच.

आणि "फडाफडा बोलायला लागला" यावर जरा थांबते. जिम कमिन्स म्हणून कॅनडातले अभ्यासक आहेत, त्यांनी १९७९ च्या सुमारास हा फरक मांडला की खेळण्या-बोलण्याची भाषा एकदोन वर्षांत येते, पण पुस्तकाची, विषयाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. मी रोज बघते हो हे. माझ्याकडे एक थर्ड ग्रेडचा मुलगा होता, मैदानावर इतकं झकास बोलायचा की कुणालाच शंका नव्हती. एकदा सायन्सच्या पेपरात "लुक ऍट द टेबल" असं होतं. पठ्ठ्या वाकून डेस्ककडे बघायला लागला, वर काही लिहिलंय का, खाली काही चिकटवलंय का. टेबल म्हणजे तक्ता हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, त्याने प्रश्न सोडून दिला आणि मार्क गेले. सायन्स येत होतं त्याला! ऑड म्हणजे विचित्र हे माहीत असतं, ऑड म्हणजे विषम संख्या माहीत नसतं. व्हॉल्यूम टीव्हीचा माहीत असतो, डब्याचा नाही. हे कार्टून बघून येत नाही, कुणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं.

गणिताचीगोडी | २५ ऑक्टोबर, रात्री ८:१५

टेबलवरून आठवलं म्हणून लिहिते. मी कॅलिफोर्नियात लायब्ररीत मुलांचं गणित घेते, देशातून नवीन आलेली बरीच येतात. त्यांचे आईवडील सांगतात की गणितात हुशार आहे, तिथे काळजी नाही, आणि पहिलं रिपोर्ट कार्ड येतं ते नेमकं गणितात खराब. कारण सेकंड ग्रेडला गणित म्हणजे निम्मं वाचन. "मायाकडे तीन क्वार्टर, दोन डाइम आणि एक निकल आहे, एकूण किती?" आता मुलाला पंच्याहत्तर अधिक वीस अधिक पाच तोंडी येतं हो, पण डाइम म्हणजे दहा सेंट आणि निकल पाच हे कळणार कसं, त्यात डाइम आकाराने निकलपेक्षा लहान! मी खरी नाणी टेबलावर ओतते आणि दुकान दुकान खेळते, दोन संध्याकाळींत येतं. तुम्ही बँकेतून नाण्यांचा एक रोल आणून ठेवा घरी.

दुसरं म्हणजे संख्या. आपण एकवीस म्हणताना एक आधी आणि वीस नंतर म्हणतो, इंग्रजीत ट्वेंटी आधी. त्यामुळे ऐकून लिहायला सांगितलं की पोरं ४७ चे ७४ करतात. टीचरला वाटतं मुलाला स्थानिक किंमत येत नाही. तिला हे समजावून सांगा, तिला माहीत असायचं काहीच कारण नाही. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात "वीस एक" अशी पद्धत आणली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झालेला, तो याच जोडाक्षरी आणि उलट्या संख्यांवरून. हातच्याला इथे रीग्रुपिंग म्हणतात, आकड्यांतले स्वल्पविराम वेगळ्या जागी असतात आणि मोजपट्टीवर इंच. एकेक गोष्ट छोटी आहे पण सगळ्या एकाच महिन्यात अंगावर येतात.

अर्धीमराठी | २६ ऑक्टोबर, सकाळी ९:५०

माझं मराठी साधं आहे, चुका असतील.

मी १९९४ मध्ये सहा वर्षांची असताना अमेरिकेत आले. माझ्या टीचरने पण आईबाबांना सांगितलं की घरी इंग्लिश बोला. त्यांनी ऐकलं. त्यांना वाटलं टीचर सांगते म्हणजे बरोबर. बाबांचं इंग्लिश ऑफिसचं होतं, आईचं थोडं होतं. मग घरात सगळे कमी बोलायला लागले. आई मला रागावायची पण इंग्लिशमध्ये रागावता येत नव्हतं, म्हणून ती गप्प बसायची. गोष्टी सांगणं बंद झालं.

चार वर्षांनी सांगलीला गेलो तेव्हा आजी माझ्याशी बोलत होती आणि मला थोडंच कळत होतं. ती माझा हात धरून बोलायची. मी "हो" म्हणायचे. आजी गेली २००३ मध्ये. ती काय सांगत होती ते मला अजून माहीत नाही.

माझं इंग्लिश छान आहे. ते तसंही छान झालं असतं. मी आता मराठी शिकते, इथलं वाचते, शब्द विचारते. ताई, प्लीज मराठी बंद करू नका.

ओवीची_आई | २६ ऑक्टोबर, रात्री १०:४०

अर्धीमराठी, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग उठून ओवीच्या खोलीत गेला आणि झोपताना तिला चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगितली, मेणाचं घर शेणाचं घर, सगळी. सात वर्षांची आहे, ती गोष्ट आता तिच्यासाठी लहान आहे, पण तिने दोनदा सांगायला लावली. फॉर्म सोमवारी बदलतोय. ईएसएल घेतोय.

नर्मदाकाठ | २७ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

नमस्कार. मी धडगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे, सातपुड्यात. धागा अमेरिकेचा आहे पण वाचताना सारखं वाटलं की ही तर माझ्या वर्गातली गोष्ट आहे म्हणून लिहितो. माझ्याकडे पहिलीला येणारी मुलं घरी पावरी, भिली बोलतात. शाळेची भाषा मराठी. आणि राज्यात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी असल्यामुळे त्यांना एकदम दोन परक्या भाषा. मी देशावरचा माणूस, पहिल्या वर्षी मला त्यांचा एक शब्द येत नव्हता. मुलं गप्प बसायची आणि मी वरिष्ठांना अहवालात लिहायचो "विद्यार्थी मंद आहेत". आज ते आठवलं की वाईट वाटतं.

मग एका चौथीच्या मुलीला मी शेजारी बसवायला लागलो, ती लहानांना त्यांच्या भाषेत सांगायची आणि मी तिच्याकडून शिकायचो. फळ्यावर चित्र काढायचं, मुलांनी त्यांचा शब्द सांगायचा, तो मी देवनागरीत लिहायचा, शेजारी मराठी आणि मग इंग्रजी. पहिल्याच आठवड्यात एक मुलगा उठून मला म्हणाला की गुरुजी तुम्ही आमचा शब्द चुकीचा म्हणता. त्याने माझ्याकडून पाच वेळा म्हणवून घेतला. त्या दिवसापासून तो पोरगा वर्गात बोलायला लागला, मराठीतसुद्धा. तर ताई, ओवीच्या टीचरबाईंना चार मराठी शब्द शिकवा. नमस्कार, पाणी, छान, ये. त्या चुकीचं म्हणतील आणि ओवी दुरुस्त करेल. करून बघा.

राजगड८५ | २७ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

सर, भारी लिहिलंत. आणि पाटीपेन्सिल, तुमचं टेबलचं उदाहरण वाचून काल मुलाचं जुनं दप्तर काढलं. आता फोर्थला आहे. वाचनाच्या पेपरांत जिथे "इन्फर" (अनुमान काढा), "काँट्रास्ट" (फरक सांगा) असं आहे तिथे कोरं सोडलेलं आहे, सगळीकडे. बोलतो मात्र अमेरिकन मुलासारखा. आता उशीर झाला का?

पाटीपेन्सिल | २७ ऑक्टोबर, दुपारी १:१०

अजिबात नाही. शाळेला लेखी कळवा की पूर्वी दिलेला नकार मागे घेतोय, कधीही घेता येतो. आणि तोवर घरी त्याच्याबरोबर मराठीतच वाद घाला की. ही दोन माणसं कशात सारखी, कशात वेगळी, तुला असं का वाटलं, कशावरून म्हणतोस. कशावरून म्हणतोस हे त्याला मराठीत सांगता आलं की इन्फर शिकवायला मला दहा मिनिटं लागतात. विचार करण्याची सवय एका भाषेत लागली की दुसरीत वेगळी लावावी लागत नाही. म्हणूनच मी घरची भाषा बंद करू नका म्हणून एवढी कळवळून सांगते. घरचं मोडकं इंग्रजी मुलाला शाळेतल्या इंग्रजीपेक्षा जास्त काही देत नाही, घरचं भरघोस मराठी मात्र असं काहीतरी देतं जे शाळेला देताच येत नाही.

ओवीच्या आईसाठी अजून थोडं, मीटिंगच्या आधी. आपल्या मुलांच्या काही गोष्टींचा टीचर उलटा अर्थ लावतात, त्या तुम्हीच आधी सांगून टाका. आपली मुलं हो म्हणताना मान डावी-उजवीकडे डोलावतात, इथे ते नाही असं वाटतं. रागावल्यावर खाली बघतात, आपल्याकडे तो मान असतो, इथे वाटतं लक्ष देत नाही. नाव न घेता नुसतं "टीचर" म्हणतात, इथे मिसेस अमुक म्हणायची पद्धत. खुर्चीला "शी" म्हणतात कारण मराठीत ती खुर्ची. "अ" आणि "द" गाळतात कारण मराठीत ते नाहीतच. व्हेस्ट आणि वेस्ट एकच ऐकू येतं. आणि वाचनाचं तर फार महत्त्वाचं, मराठीत एकदा बाराखडी आली की मूल लिहिलंय ते वाचतं, त्यामुळे ते "द" हा शब्द टी-एच-ई बघून "टहे" वाचतं आणि अगदी ठामपणे वाचतं. ती चूक हुशारीतून आलेली आहे, तिला वाचता येतंच, फक्त इंग्रजीत अक्षरं आवाज बदलतात एवढं कळायचं आहे. ओवीची मराठी वाचनाची वही टीचरला नेऊन दाखवा. मी स्वतः अशी वही पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्या मुलाकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

आणि कुणी लगेच स्पीच किंवा स्पेशल एज्युकेशनची तपासणी करूया म्हणालं तर घाबरू नका, पण शक्य असेल तिथे तपासणी मुलाच्या मायबोलीत व्हायला हवी असा कायदा आहे हे सांगा. मीटिंगला दुभाषा पण मागता येतो, मुलीला मध्ये घालून भाषांतर करून घेऊ नका.

ओवीची_आई | १८ डिसेंबर, रात्री ९:३०

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. टेस्ट झाली, ऐकण्यात बरी, बोलण्यात अगदी खालची पातळी. रोज चाळीस मिनिटं मदत मिळते, निम्मी वर्गात निम्मी बाहेर, आणि मी विचारल्यामुळे वाचनाच्या तासाला ठेवलीय, सायन्स सुटत नाही. हाताची खूण टीचरने सगळ्या वर्गालाच शिकवली त्यामुळे ओवी एकटी वेगळी पडली नाही.

नर्मदाकाठ सर, चार शब्दांची चिठ्ठी करून दिली होती. टीचर "पाणी"ला "पॅनी" म्हणाली. ओवीने मान हलवली. ती परत "पॅनी". मग ओवी वर्गात सगळ्यांसमोर, मोठ्याने, "नो. पा-णी. से अगेन." हे तिचं शाळेतलं पहिलं वाक्य. टीचरने मला तेव्हाच्या तेव्हा ईमेल केला, मी किचनमध्ये उभी राहून रडले. त्यानंतर एकदम धबधबा वगैरे काही नाही, अजून दिवसाला चारपाच वाक्यंच बोलते, पण बोलते.

आता फेब्रुवारीत विडाची ऍक्सेस परीक्षा, म्हणजे ती दरवर्षीची इंग्रजीची परीक्षा, आहे म्हणे. तयारी कशी करून घेऊ? काही पुस्तकं असतात का?

पाटीपेन्सिल | १८ डिसेंबर, रात्री १०:०५

"से अगेन"! आज माझी झोप उडाली बघा आनंदाने. सर, तुम्ही वाचताय ना?

पुस्तक आणू नका, शिकवणी लावू नका. ती परीक्षा पास-नापासची नसते, ऐकणं बोलणं वाचणं लिहिणं चारही बघतात आणि पुढच्या वर्षी किती मदत लागेल ते ठरवतात. एकूण गुणांत वाचन आणि लेखनाचं वजन प्रत्येकी ३५ टक्के, ऐकणं आणि बोलणं १५-१५, त्यामुळे यंदा आकडा छोटा दिसला तर मनाला लावून घेऊ नका. बाहेर पडायची पातळी राज्याराज्यात वेगळी असते आणि बाहेर पडल्यावरही शाळेने लक्ष ठेवायचं असतं.

एकच गोष्ट करा. बोलण्याचा भाग हेडफोन लावून कॉम्प्युटरशी बोलायचा असतो, आवाज रेकॉर्ड होतो. लाजरी मुलं इतकं हळू बोलतात की रेकॉर्डिंगमध्ये काहीच येत नाही आणि येत असूनही गुण मिळत नाहीत, दरवर्षी अशी दोनतीन माझ्याकडे असतात. तर रोज तिला फोनवर एक रेकॉर्डिंग करू द्या. आज शाळेत काय झालं, डब्यात काय होतं, काहीही, दोन मिनिटं. ते आजीला पाठवा. एक दिवस मराठीत, एक दिवस इंग्लिशमध्ये.

ओवीची_आई | १९ डिसेंबर, सकाळी ७:२०

आजच सकाळी केलं. इंग्लिशमध्ये सांगितलं की बर्फ पडला आणि तिची एक मिटन हरवली. सासूबाईंचं उत्तर आलंय, "मिटन म्हणजे काय गं राणी, परत सांग, मोठ्यानं सांग." आता ती मोजे हाताचे असतात हे समजावून सांगत बसलीय, शाळेची बस यायला आठ मिनिटं राहिलीत.